स्वस्त पदवीचा खरा हिशेब

फरीदाबादला स्वस्त शिक्षणाचा प्रश्न नवा नाही. दिल्लीच्या दक्षिणेस, मथुरा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेले हरयाणातील हे शहर आज ट्रॅक्टर, टायर आणि उत्खनन यंत्रांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. पण त्याचा ‘एनआयटी’ या नावाचा भाग (येथे या अक्षरांचा अर्थ तंत्रज्ञान संस्था नव्हे, ‘न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप’) फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी १९४९ नंतरच्या काही वर्षांत उभा केला. फरीदाबाद विकास मंडळाचे अध्यक्षपद राजेंद्रप्रसादांकडे होते. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या ‘इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन’ने निर्वासितांच्या सहकारी संस्था उभारल्या आणि बन्नू, डेरा इस्माईल खान येथून आलेल्या माणसांनी आपली घरे आपल्याच हातांनी बांधली. या वसाहतीतील मुलांच्या शिक्षणाचे काम वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून आलेल्या हिंदुस्तानी तालीमी संघाने हाती घेतले. आशादेवी आर्यनायकम त्यात अग्रभागी होत्या.

नयी तालीमच येथे का आली, याला वैचारिक कारणे होती तशी आर्थिकही होती. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी ही कल्पना मांडली, तेव्हा प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच आली होती. दारूबंदी करायची तर अबकारीचे उत्पन्न जाणार, आणि शाळा चालत त्या बऱ्याच अंशी त्याच उत्पन्नावर. या पेचातून बाहेर पडण्यासाठी गांधीजींनी सुचवले की, मुलांच्या हस्तोद्योगातून शिक्षकाचा पगार निघावा. झाकिर हुसेन समितीने योजनेचा तपशील तयार करताना कल्पनेचे स्वागत केले, पण एक इशाराही देऊन ठेवला : अंमलबजावणीत आर्थिक बाजूवर भर देताना शैक्षणिक हेतूचा बळी जाण्याचा धोका आहे. उत्पन्न किती निघाले यावर शाळा जोखली जाऊ लागली, तर मूल मजूर होईल आणि शिक्षक मुकादम.

हा इशारा आज ऑनलाइन उच्च शिक्षणाला जवळजवळ शब्दशः लागू पडतो, कारण राज्यसंस्थेची स्थिती तीच आहे. आकांक्षा मोठी आहे, तिजोरी अपुरी आहे आणि एखादे साधन आपल्याला या कोंडीतून सोडवील अशी आशा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणातील एकूण नोंदणीचे प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी साडेतीन कोटी नव्या जागा लागतील असे धोरणच सांगते. केंद्राच्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये हे प्रमाण २८.४ टक्के होते आणि एकूण विद्यार्थी ४.३३ कोटी. म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या साऱ्या दशकांत मिळून जे उभे राहिले, त्यात आणखी जवळपास तेवढीच भर दीड दशकात घालायची आहे. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली होती. तो आकडा त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक धोरणात पुन्हा छापला गेला आणि गाठला कधीच गेला नाही. अशा वेळी २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात डिजिटल विद्यापीठाची घोषणा व्हावी, हे ओघानेच आले.

ऑनलाइन शिक्षणाला माझा विरोध नाही. ते स्वस्त असू शकते, आणि या देशात त्याची गरजही आहे. मात्र ते कोणत्या अर्थाने स्वस्त आहे, कोणासाठी आणि कोणत्या अटींवर, हे सांगणे आपण सोडून दिले आहे.

प्रथम, ते स्वस्त का असू शकते ते पाहू. विल्यम बॉमोल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात नाट्य-संगीताच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना एक साधे निरीक्षण मांडले. तंतुवाद्यांच्या चौकडीला एखादी रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. कारखान्यात मात्र दरडोई उत्पादन वाढत जाते, त्याबरोबर पगार वाढतात, आणि ती वाढ वादकांनाही द्यावी लागते. म्हणून मैफल इतर वस्तूंच्या तुलनेत महाग होत जाते. वर्गातला शिक्षक हा या बाबतीत वादकाचा सख्खा भाऊ आहे. शिक्षण वर्षानुवर्षे महाग का होते, याचे हे एक प्रमुख कारण. त्यात कोणाचा आळस किंवा भ्रष्टाचार असलाच पाहिजे असे नाही.

ध्वनिमुद्रित व्याख्यान ही साखळी तोडते. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून चालवलेल्या ‘एनपीटेल’ उपक्रमात एखादा प्राध्यापक चेन्नईत एकदा शिकवतो. ते व्याख्यान बल्लभगढमधल्या पहिल्या विद्यार्थ्यापर्यंत पोचवायला जो खर्च येतो तो येतो, दुसऱ्यापर्यंत पोचवायला जवळपास काहीच येत नाही. शिकणे विनामूल्य आहे, प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क. २०१७ मध्ये सुरू झालेले केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ याच तत्त्वावर चालते. सुरुवातीचा खर्च मोठा, पुढचा नगण्य, त्यामुळे संख्या वाढेल तसा दरडोई खर्च घटतो. मुक्त विद्यापीठांचे अर्थशास्त्र पहिल्यापासून हेच आहे, मग माध्यम छापील पुस्तिकेचे असो, उपग्रहाचे असो वा मोबाइलचे.

पण शिकवणे म्हणजे फक्त व्याख्यान नव्हे. उत्तरपत्रिका कोणीतरी काळजीपूर्वक वाचावी लागते. न समजलेले विचारता येईल असा कोणीतरी लागतो. आणि तिसऱ्या महिन्यात पाय मागे घेणाऱ्या विद्यार्थ्याला फोन करून ‘का थांबलास?’ असे विचारणारा कोणीतरी लागतो. ही तिन्ही कामे विद्यार्थ्यागणिक वाढतात. येथे संख्येचा फायदा मिळत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रम अतिशय स्वस्त दिसत असेल, तर बहुधा ही कामे त्यातून गळलेली असतात. मग उरते ते एक उत्तम ग्रंथालय. ग्रंथालय ही मोठी गोष्ट आहे, पण छापखाना आला म्हणून विद्यापीठे बंद पडली नाहीत, याचेही काही कारण असावे.

जगाचा अनुभव याबाबत पुरेसा बोलका आहे. ब्रिटनने शतकाच्या आरंभी सरकारी पैशातून ‘यूके ई-युनिव्हर्सिटी’ काढली. सुमारे पाच कोटी पौंड खर्चून तिला अवघे ९०० विद्यार्थी मिळाले आणि २००४ मध्ये ती गुंडाळावी लागली. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी ‘एडएक्स’वर सर्वांसाठी खुल्या केलेल्या अभ्यासक्रमांची २०१२ ते २०१८ मधली माहिती जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेस-व्हॅलिएंते यांनी तपासली, तेव्हा २०१७-१८ मध्ये नोंदणी करणाऱ्यांपैकी ३.१३ टक्के लोकांनीच अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे आढळले; निम्म्याहून अधिक जण नाव नोंदवून पुन्हा फिरकलेच नव्हते. कॅलिफोर्नियातील सॅन होजे राज्य विद्यापीठाने २०१३ मध्ये ‘युडॅसिटी’ कंपनीबरोबर गणिताचे पायाभूत अभ्यासक्रम ऑनलाइन दिले. उत्तीर्णांचे प्रमाण इतके खाली आले की सहा महिन्यांत प्रयोग स्थगित झाला. त्या प्रयोगात बरेचसे विद्यार्थी गणितात आधीच मागे पडलेले होते.

उलट उदाहरणही आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी पूर्णपणे ऑनलाइन दिली, सुमारे सात हजार डॉलरमध्ये. प्रत्यक्ष वर्गातल्या त्याच पदवीला याच्या कित्येक पट खर्च येई. या कार्यक्रमात आलेले विद्यार्थी अन्यथा कोणत्याही विद्यापीठात गेले नसते, असे जोशुआ गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे येथे ऑनलाइनने जुन्या वर्गाची जागा घेतली नाही, नवी जागा निर्माण केली. पण हे विद्यार्थी कोण होते? बहुतेक तिशी ओलांडलेले, नोकरी करणारे, चांगली पदवी आधीच गाठीशी असलेले. शिवाय त्यांच्या दिमतीला मानवी साहाय्यक शिक्षकांची मोठी फौज होती. ज्याला शिकायचे कसे हे ठाऊक आहे त्याला पडदा पुरतो. एरिक बेटिंगर व इतरांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तोच अभ्यासक्रम, तेच पुस्तक आणि तसेच शिक्षक असताना वर्गातील व ऑनलाइन विद्यार्थ्यांची तुलना केली होती. ऑनलाइन विद्यार्थ्यांचे गुण कमी भरले, आणि आधीपासून कमकुवत असलेल्यांचे नुकसान सर्वांत अधिक झाले.

आता फरीदाबादकडे परत येऊ, कारण आपल्या साडेतीन कोटी नव्या जागांवर बसणारा विद्यार्थी जॉर्जियातला संगणक अभियंता नाही. तो एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यातील कामगाराचा मुलगा आहे, किंवा शेजारच्या पलवल जिल्ह्यातील गावातली मुलगी, जिच्या घरात पदवीपर्यंत पोचणारी ती पहिलीच. या मुलामुलींसाठी दूरशिक्षण ही नवी गोष्ट नाही. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेने सायंमहाविद्यालये आणि पत्राद्वारे शिक्षण यांचा उल्लेख केला तो महाविद्यालयांवरील विद्यार्थिसंख्येचा ताण लक्षात घेऊनच. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे अभ्यासक्रम सुरू केले, ९०० विद्यार्थ्यांनिशी. तीच संस्था आज ‘स्कूल ऑफ ओपन लर्निंग’ या नावाने दरवर्षी लाखाच्या घरात प्रवेश देते. अरवलीच्या टेकड्यांपलीकडे, दिल्लीच्या मैदानगढीत, १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आहे. रोहतकच्या महर्षी दयानंद विद्यापीठाचे दूरशिक्षणही या भागाला परिचित आहे.

या शहराच्या संदर्भात ऑनलाइन शिक्षणाची एक बचत अगदी खरी आहे : वेळेची. बल्लभगढच्या राजा नाहर सिंह मेट्रो स्थानकातून दिल्ली विद्यापीठाच्या परिसरात जायचे तर मध्ये गाडी बदलून एका बाजूचे दीड तास सहज जातात. नोकरी करणाऱ्याला हे रोज शक्य नाही. अनेक घरांत मुलीला एवढ्या लांब पाठवले जात नाही, मग कारण भाड्याचे सांगितले जावो वा काळजीचे. २०२०-२१ च्या पाहणीत दूरशिक्षणात ४५.७१ लाख विद्यार्थी होते आणि त्यांपैकी २०.९ लाख मुली व महिला. त्यांतल्या कितीजणींसमोर वर्गात जाण्याचा पर्याय खरोखर होता, हे सांगणे कठीण आहे. पण पर्याय नसलेल्यांची संख्या थोडी नसणार. म्हणून ऑनलाइन शिक्षण सरसकट हिणवणाऱ्या प्राध्यापक संघटनांशी माझे पटत नाही. ज्यांना वर्ग मिळणारच नाही त्यांच्यासाठी तुलना पडदा आणि वर्ग यांच्यात नसते; ती पडदा आणि घर यांच्यात असते.

मात्र वेळेची ही बचत विद्यार्थ्याची आहे. संस्थेची बचत वेगळी, आणि तिचे काय होते हा प्रश्न आपण विचारत नाही. राज्य विद्यापीठांच्या हिशेबात पत्राद्वारे शिक्षणाचा विभाग हा वर्षानुवर्षे दुभती गाय राहिला आहे. येथला विद्यार्थी शुल्क भरतो, त्याच्यावर होणारा खर्च त्याहून कमी असतो आणि उरलेला पैसा विद्यापीठाची इतर तूट भरून काढतो. परिणामी जो विद्यार्थी सर्वांत गरीब आणि ज्याला मदतीची सर्वाधिक गरज, तोच नियमित वर्गात बसलेल्या, तुलनेने सुस्थितीतल्या विद्यार्थ्याचे शिक्षण अंशतः पोसतो. कार्यक्षमतेच्या नावाखाली चाललेले हे उलटे अनुदान आहे.

कार्यक्षमता मोजण्याची आपली पट्टीच चुकीची आहे, हे एका काल्पनिक हिशेबातून दाखवता येईल. समजा, एका नियमित महाविद्यालयात दर विद्यार्थ्यामागे वर्षाला ४० हजार रुपये खर्च होतात. तीन वर्षांचे एक लाख २० हजार. शंभर विद्यार्थी आले आणि ७५ पदवीधर झाले, तर एका पदवीधरामागे खर्च आला एक लाख ६० हजार. आता एक ऑनलाइन अभ्यासक्रम घ्या : वर्षाला १२ हजार, तीन वर्षांचे ३६ हजार. शंभरांतले २० जण पदवीपर्यंत पोचले, तर पदवीधरामागे एक लाख ८० हजार. नोंदणीमागे तिपटीहून स्वस्त दिसणारा कार्यक्रम पदवीमागे महाग पडला. आता याच ऑनलाइन अभ्यासक्रमात वर्षाला आठ हजार रुपये मार्गदर्शक शिक्षक, रविवारचे वर्ग आणि नीट तपासलेल्या स्वाध्यायांवर खर्च करा. तीन वर्षांचा खर्च ६० हजार झाला. त्यामुळे २० ऐवजी ४५ विद्यार्थी पदवीधर झाले, तर पदवीधरामागे खर्च उतरतो सुमारे एक लाख ३३ हजारांवर. तिघांत हाच सर्वांत स्वस्त. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. मध्येच सोडून जाणाऱ्यांवर पूर्ण खर्च होत नाही आणि जे सोडतात तेही काहीतरी शिकलेले असतातच, तेव्हा प्रत्यक्षातला फरक कमी-अधिक होईल. पण खर्च वाढवून कार्यक्षमता वाढू शकते, ही गोष्ट वित्त खात्याच्या नेहमीच्या टिप्पणीत बसत नाही, म्हणून ती आकड्यांतच मांडावी लागते.

शहराच्या दुसऱ्या टोकाला याच्या अगदी विरुद्ध परंपरा आहे. १९६९ मध्ये वायएमसीएची भारतातील राष्ट्रीय परिषद, हरयाणा सरकार आणि जर्मनीतील बॉनची एक विकाससाहाय्य संस्था यांनी मिळून फरीदाबादेत ‘वायएमसीए अभियांत्रिकी संस्था’ उभारली. जर्मन पद्धतीप्रमाणे तिचा भर कार्यशाळेवर आणि कारखान्यातील प्रशिक्षणावर होता. २००९ मध्ये तिचे राज्य विद्यापीठ झाले आणि २०१८ पासून ते जे. सी. बोस विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. असे शिक्षण स्वस्त नसते. लेथ यंत्र एका वेळी एकाच विद्यार्थ्याच्या हाती असते आणि शेजारी कोणीतरी उभे राहावे लागते, निदान बोटे शाबूत राहावीत म्हणून तरी. आजूबाजूला कारखाने असल्यामुळे या खर्चाचा काही भार उद्योगांनी प्रशिक्षणाच्या रूपाने उचलला, आणि हा खर्च वसूलही झाला. फक्त त्याची नोंद विद्यापीठाच्या ताळेबंदात न होता कारखान्यांच्या ताळेबंदात झाली.

हाच खर्च टाळून अभियंते तयार करण्याचा प्रयोग देशात झाला, त्याचे पुढे काय झाले हे विसरता कामा नये. या शतकाच्या आरंभी काही अभिमत विद्यापीठांनी पत्राद्वारे अभियांत्रिकीच्या पदव्या देण्यास सुरुवात केली. गावोगावच्या अभ्यास केंद्रांतून, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेविना. नोकरीतील कनिष्ठ अभियंत्यांनी बढतीसाठी त्या घेतल्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ओरिसा लिफ्ट इरिगेशन कॉर्पोरेशन’ प्रकरणात निकाल दिला : चार अभिमत विद्यापीठांनी २००१ ते २००५ या काळात प्रवेश दिलेल्यांच्या अशा पदव्या स्थगित, त्यांना तंत्रशिक्षण परिषदेची परीक्षा देऊन त्या टिकवण्याची संधी, त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द. शुल्क परत करण्याचा आदेशही झाला. पण ज्याने नोकरी सांभाळून चार वर्षे रात्री अभ्यास केला, त्याच्या त्या रात्री कोणत्या खात्यातून परत मिळणार? स्वस्त पदवीची किंमत येथे विद्यार्थ्याने दोनदा भरली. आज २०२० च्या विनियमांनुसार अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या असे हाताने शिकण्याचे अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन देता येत नाहीत. हा शहाणपणा उशिरा आला आणि दुसऱ्यांच्या पदरच्या खर्चाने आला.

दिल्लीभोवतीच्या पट्ट्यात खासगी आणि अभिमत विद्यापीठांच्या ऑनलाइन एमबीए, बीसीएच्या जाहिराती आता नित्याच्या झाल्या आहेत. २०१८ च्या आणि नंतर २०२० च्या विनियमांनी विशिष्ट मूल्यांकन असलेल्या संस्थांना संपूर्ण पदवी ऑनलाइन देण्याची मुभा दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष असल्याचे स्पष्ट केले. हे योग्यच झाले. मात्र येथे खर्च आणि किंमत यांची गल्लत होते. पदवी निर्माण करण्याचा खर्च उतरला म्हणून विद्यार्थ्याला ती स्वस्त मिळेलच, असे नाही. मधला पैसा बऱ्याचदा विद्यार्थी ‘मिळवण्यावर’ खर्च होतो, म्हणजे जाहिराती, फोन करणारे समुपदेशक, आणि तंत्रज्ञान कंपनीचा वाटा यांवर. अमेरिकेत ‘टूयू’ ही कंपनी नामांकित विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवून शुल्काचा मोठा हिस्सा घेत असे. २०२१ मध्ये तिने ८० कोटी डॉलर मोजून ‘एडएक्स’ विकत घेतले. जुलै २०२४ मध्ये तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. ती चालवत असलेल्या काही पदव्यांचे शुल्क वर्गातल्या पदवीइतकेच होते. इमारत नाही, वसतिगृह नाही, तरीही तेवढेच शुल्क! आपल्याकडे अनुदान आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये विद्यापीठांना तंत्रज्ञान कंपन्यांशी ‘फ्रँचायझी’ करार करण्यास मनाई केली. परंतु शुल्काच्या शंभर रुपयांतले किती शिकवण्यावर गेले आणि किती जाहिरातीवर, हे विद्यार्थ्याला सांगण्याचा प्रघात आपल्याकडे नाही.

तो पाडायला नवा कायदा लागत नाही. ऑनलाइन वा दूरस्थ पदवीची मान्यता आयोगच देतो. मान्यतेच्या अटीत दोन ओळी वाढवाव्या लागतील. पहिली, प्रत्येक तुकडीतल्या किती विद्यार्थ्यांनी ठरलेल्या मुदतीत पदवी पूर्ण केली, हे संस्थेने प्रवेशाच्या जाहिरातीतच छापावे. राष्ट्रीय क्रमवारीसाठी नियमित अभ्यासक्रमांची ही माहिती संस्था आताही देतात. २०२४ पासून त्या क्रमवारीत मुक्त विद्यापीठांचा वेगळा गट झाला आहे, तेव्हा त्यांच्याकडूनही ती मागणे अवघड नाही. दुसरी, दूरशिक्षणाच्या शुल्कातून उरलेला पैसा दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांवरच खर्च व्हावा. कुलगुरूंना ही दुसरी ओळ आवडणार नाही, कारण तिने अनेक विद्यापीठांचे अर्थसंकल्प उघडे पडतील. राज्य सरकारांनाही आवडणार नाही. विद्यापीठांचे अनुदान गोठवून ठेवणे त्यांना शक्य झाले आहे, ते काही अंशी या शिलकीच्याच आधारावर.

त्या पैशाने काय करावे, याचे उत्तर मुक्त विद्यापीठांच्या जुन्या रचनेत आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झाले, तेव्हा राम ताकवले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ज्ञानगंगा घरोघरी’ या ब्रीदाबरोबरच गावोगावच्या महाविद्यालयांतील अभ्यास केंद्रांवर भिस्त ठेवली होती. घरोघरी पोचायचे असेल तरी मधे एक जागा लागते, जिथे माणूस बसलेला असतो, हे त्यांनी ओळखले होते. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे जाळेही असेच आहे. ऑनलाइन पदव्यांच्या लाटेत ही केंद्रे कालबाह्य ठरवली जात आहेत. शहरी भागात तर त्यांची गरजच काय, असे विचारले जाते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, शहरांतही ४२ टक्केच कुटुंबांकडे इंटरनेट सुविधा होती आणि संगणक २३ टक्क्यांकडे. त्यानंतर स्मार्टफोन सर्वदूर पोचले हे खरे, पण दोन खोल्यांच्या घरात तीन भावंडांत एक फोन असलेल्या मुलीला अभ्यासाला शांत कोपरा त्या फोनने मिळत नाही. एनआयटीच्या जुन्या गल्ल्यांतले एखादे सरकारी महाविद्यालय संध्याकाळी आणि रविवारी उघडे ठेवणे, दिवे आणि पंखे चालू ठेवणे, तासाच्या मानधनावर दोन शिक्षक बसवणे, यासाठी डिजिटल विद्यापीठ स्थापन करण्याइतका पैसा लागत नाही.

नियमित विद्यापीठांतही ऑनलाइनचा खरा उपयोग याच अंगाने आहे. २०२१ च्या विनियमांनी संस्थांना एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून घेण्याची परवानगी दिली आहे. याचा एक अर्थ असा लावता येतो, आणि अनेक ठिकाणी तसा लावला जाण्याची भीती आहे, की ४० टक्के शिक्षक कमी लागतील आणि रिक्त पदे रिक्तच ठेवता येतील. दुसरा अर्थ असा की, जे. सी. बोस विद्यापीठासारख्या ठिकाणी उष्मागतिकीचे व्याख्यान आयआयटीतल्या उत्तम प्राध्यापकाचे ऐकावे आणि आपल्या शिक्षकाचे वाचलेले तास कार्यशाळेत, प्रयोगशाळेत, मागे पडलेल्या दहा मुलांबरोबर खर्ची पडावेत. विनियमाचे शब्द दोन्ही अर्थांना जागा देतात. त्यांपैकी कोणता अर्थ राबवला जाईल हे ठरते ते राज्याच्या वित्त विभागात, दरवर्षी शिक्षकांच्या रिक्त पदांचा प्रस्ताव टेबलावर येतो त्या दिवशी.